ईबी-५ : रीजनल सेंटरला मान्यता देताना सरकार नेमकं काय तपासतं?

दीपमाळ :

नमस्कार मंडळी,

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांमध्ये हल्ली ईबी-५चे सेमिनार जोरात आहेत. 'आठ लाख डॉलर गुंतवा, सहकुटुंब ग्रीन कार्ड मिळवा' आणि खाली ठळक अक्षरांत 'अमेरिकन सरकारमान्य रीजनल सेंटर'. ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न याच शेवटच्या ओळीवर येऊन थांबतो. सरकारमान्य आहे म्हणतात, मग पैसे बुडतील कसे?

मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात काम करते. रीजनल सेंटरांच्या अर्जांची कागदपत्रं जुळवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्या मान्यतेत काय येतं आणि काय येत नाही, हे रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून हा धागा. याला कायदेशीर सल्ला समजू नका, तो आपापल्या वकिलाकडूनच घ्या.

थोडी पार्श्वभूमी. ईबी-५ हा व्हिसा १९९०च्या इमिग्रेशन कायद्याने आला. परदेशी माणसाने अमेरिकेत ठरावीक भांडवल घालायचं आणि त्यातून १० पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण करायच्या, ही मूळ अट. स्वतः धंदा उभारून १० माणसं कामावर ठेवणं सगळ्यांना जमेना, म्हणून १९९२मध्ये रीजनल सेंटरची सोय झाली. अनेकांचे पैसे एकत्र करायचे, एखाद्या मोठ्या प्रकल्पात घालायचे आणि अप्रत्यक्ष नोकऱ्याही (प्रकल्पाच्या खर्चामुळे इतरत्र तयार होणाऱ्या) मोजायच्या. ही सोय कायम 'तात्पुरती' होती आणि काँग्रेस (अमेरिकेची संसद) दर वेळी मुदत वाढवत राहिली. ३० जून २०२१ला मुदत संपली ती संपलीच. मग १५ मार्च २०२२ला ईबी-५ रिफॉर्म अँड इंटेग्रिटी अ‍ॅक्ट आला. आज जे काही चालतं ते या कायद्यावर. किमान गुंतवणूक १० लाख ५० हजार डॉलर. ग्रामीण भागात, जास्त बेरोजगारीच्या भागात किंवा सरकारी पायाभूत प्रकल्पात ८ लाख डॉलर.

आता मुद्द्याचं. सेंटर व्हायचं असेल तर यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याकडे, आय-९५६ हा अर्ज भरावा लागतो. त्यात पहिली गोष्ट भूगोल. सलग आणि मर्यादित असा भूभाग आखून द्यायचा आणि तोच का, ते पटवून द्यायचं. 'आम्ही अख्ख्या अमेरिकेत काम करू' हे चालत नाही. प्रकल्पाचा परिणाम त्या भागावर होणार हे आर्थिक अहवालातून दिसलं पाहिजे. कामगार कुठून येतील, माल कुठून येईल, कुठल्या कौंट्यांचा एकमेकींशी रोजचा व्यवहार आहे, असा सगळा हिशोब त्यात असतो.

दुसरी गोष्ट अंदाज. किती गुंतवणूक येईल, कुठल्या प्रकारचे उद्योग उभे राहतील, किती नोकऱ्या तयार होतील. हा अंदाज मान्यताप्राप्त आणि पारदर्शक सांख्यिकी पद्धतीने काढलेला हवा. त्यासाठी अर्थतज्ज्ञ आरआयएमएस-टू, इम्प्लान, रेमी अशी मॉडेलं वापरतात. आरआयएमएस-टूचे गुणक (किती खर्चामागे किती नोकऱ्या, हे प्रमाण) खुद्द सरकारचं ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस तयार करतं.

तिसरी गोष्ट माणसं, आणि नव्या कायद्यात सर्वांत मोठा फरक इथे पडला. सेंटरचे मालक, संचालक, निर्णय घेऊ शकणारा प्रत्येक माणूस, प्रत्येकाला आय-९५६एच भरावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात. गेल्या १० वर्षांत फसवणुकीच्या दिवाणी किंवा फौजदारी प्रकरणात दोषी ठरलेला माणूस चालत नाही. फसवणुकीपोटी १० लाख डॉलरच्या वर देणं लागलेला चालत नाही. एक वर्षाहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा झालेलाही नाही. सेंटर चालवणारे अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. परकीय सरकारांना मालकीत आणि कारभारात मज्जाव आहे.

चौथी गोष्ट देखरेख. सिक्युरिटीज कायद्यांचं पालन कसं करणार, पैसे घेणाऱ्या कंपन्यांवर लक्ष कसं ठेवणार, याची कार्यपद्धती लिहून द्यावी लागते आणि ती पाळत असल्याचं सहीनिशी सांगावं लागतं.

एवढं झालं की सेंटरला मान्यता. आता यात काय आलं नाही ते बघा. तुमचा प्रकल्प यात कुठेच नाही! अर्जात जो प्रकल्प दाखवलेला असतो तो बहुतेकदा नमुन्यादाखल असतो. ज्या हॉटेलात किंवा इमारतीत तुमचे पैसे जाणार, त्यासाठी सेंटरला वेगळा आय-९५६एफ भरावा लागतो. आणि तुमचा स्वतःचा आय-५२६ई त्याहून वेगळा. तीन अर्ज, तीन तपासण्या. 'सरकारमान्य' हा शब्द सेमिनारमध्ये फक्त पहिल्याबद्दल असतो.

आपल्याकडे प्रकल्पाला महारेराचा नंबर मिळाला म्हणजे फ्लॅटचा ताबा वेळेत मिळेलच असं कुणी धरून चालत नाही, तसंच हे.

प्रश्न असतील तर विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन.

---

पाणवठा :

उत्तम धागा. मी डॅलसला एच-१बीवर आहे, ईबी-२ची (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डचा एक गट) प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१४. ऑफिसात तीन जणांनी ईबी-५ केलं, आता मलाही वाटायला लागलंय. दोन शंका.

१. माझी २०१४ची तारीख ईबी-५ला लावता येते का?
२. आय-९५६एफ मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं का?

---

दीपमाळ :

पाणवठा, पहिल्याचं उत्तर नाही. ईबी-१, २, ३मध्ये तारीख इकडून तिकडे नेता येते, ईबी-५मध्ये नाही. तुमचा आय-५२६ई ज्या दिवशी दाखल होईल ती तारीख.

दुसरं : थांबावं लागत नाही. सेंटरने आय-९५६एफ दाखल केला आणि त्याची पावती आली की गुंतवणूकदार आपला अर्ज टाकू शकतो. पण प्रकल्पाचा अर्ज पुढे नामंजूर झाला तर तुमचाही अडकतो. त्यामुळे तो मंजूर झालेला असेल तर उत्तमच. नसेल तर तो कधी दाखल झाला आणि सरकारने त्यावर काही शंका काढल्या आहेत का, हे विचाराच.

तुम्ही अमेरिकेतच आहात, म्हणजे तुमच्यासाठी मोठी गोष्ट वेगळीच आहे. व्हिसा नंबर उपलब्ध असेल तर नव्या कायद्याने आय-५२६ईसोबतच आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डचा अर्ज, टाकता येतो. त्यावर वर्क परमिट आणि प्रवासाची परवानगी मिळते. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा ही धास्ती, ती त्यामुळे बरीच कमी होते. मला वाटतं तुमच्या ऑफिसातल्या तिघांनीही मुख्यतः याचसाठी केलं असेल.

---

पाणवठा :

अगदी बरोबर ओळखलंत. लेऑफनंतर एकाला दोन शाळकरी मुलं घेऊन परतायची वेळ आली होती. ग्रीन कार्डपेक्षा ते वर्क परमिटच जास्त हवं होतं त्याला.

---

गोदाकाठ :

ताई, मी नाशिकहून लिहितोय. मुलगा ओहायोत एमएस करतोय. आमची निफाडकडची द्राक्षबागेची जमीन विकून त्याच्या नावाने ईबी-५ करायचा विचार आहे. जमीन वडिलोपार्जित, माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर. एजंट म्हणतो कागदपत्रांचं आम्ही बघून घेऊ. या सोर्स ऑफ फंड्सच्या तपासणीत काय काय लागतं? आणि 'रूरल' प्रकल्प घ्या असं तो फार आग्रहाने सांगतोय. का?

---

दीपमाळ :

काका, आधी 'रूरल'चं सांगते.

दरवर्षी ईबी-५ला साधारण १० हजार व्हिसे असतात. नव्या कायद्याने त्यातले २० टक्के ग्रामीण प्रकल्पांसाठी, १० टक्के जास्त बेरोजगारीच्या भागांसाठी आणि २ टक्के सरकारी पायाभूत प्रकल्पांसाठी राखून ठेवले. भारताची अनारक्षित रांग मागे पडली आहे, कारण एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. राखीव गटांत आजवर भारताला तारीख लागलेली नाही, म्हणजे तिथे रांग नाही. त्यातही ग्रामीण प्रकल्पांच्या अर्जांना यूएससीआयएसने प्राधान्य द्यावं असं कायद्यातच लिहिलंय. म्हणून सगळे एजंट रूरल रूरल करतात. त्यांचं हे म्हणणं खोटं नाही. पण अर्जांची गर्दी वाढली की राखीव गटातही रांग लागणार, हे ते सांगत नाहीत.

'ग्रामीण'ची व्याख्या पक्की आहे : महानगर क्षेत्राच्या बाहेर आणि २० हजार किंवा अधिक वस्तीच्या कुठल्याही शहराच्या हद्दीबाहेर. इथे पळवाटा कमी. बेरोजगारीच्या गटात मात्र पूर्वी फार गैरप्रकार झाले. राष्ट्रीय सरासरीच्या दीडपट बेरोजगारी लागते आणि तसं पत्र तेव्हा राज्य सरकारं देत. जनगणनेचे विभाग एकाला एक जोडत नेऊन आकडा बसवायचा, की झालं. न्यूयॉर्कमध्ये हडसन यार्ड्ससारखा मॅनहॅटनच्या मधोमध असलेला झगमगीत प्रकल्प याच पद्धतीने पात्र ठरला, विभागांची साखळी पार हार्लेमपर्यंत नेऊन. हार्लेममधल्या बेरोजगार माणसाच्या नावावर सवलत घ्यायची आणि काचेचे टॉवर बांधायचे, याची मला आजही चीड येते. २०२२पासून हे राज्यांच्या हातातून काढून थेट केंद्राकडे दिलं आहे. प्रकल्पाचा विभाग आणि त्याला लागून असलेले विभाग, एवढेच धरता येतात.

आता जमीन. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला एकच गोष्ट हवी असते : ८ लाख डॉलरमधला प्रत्येक डॉलर कुठून निघाला आणि कुठल्या वाटेने अमेरिकेत पोचला. वडिलोपार्जित जमिनीसाठी सातबारा, आठ-अ, आजोबांपासून तुमच्यापर्यंतचे फेरफार, भावाशी वाटणी झाली असेल तर वाटणीपत्र, विक्रीचं नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू, बँकेची स्टेटमेंटं, तुमची आयकर विवरणपत्रं. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. फेरफारात आजोबांचं नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं, हे आपल्याकडे सर्रास असतं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

आणि स्पष्ट बोलते, राग मानू नका. खरेदीखतावरची रक्कम तेवढीच तुमची. वरची रोख ईबी-५साठी शून्य. ती दाखवता येत नाही आणि दाखवायचा प्रयत्न केला तर सगळी फाइल जाते. एजंट 'बघून घेऊ' म्हणतो तेव्हा नेमकं काय बघणार, ते लिहून मागा.

भावाचा हिस्साही वापरणार असाल तर तीही मुलाला दिलेली भेट ठरते. मग भावाच्या हिश्श्याचेही हेच सगळे कागद, शिवाय भेट खरी आहे, परत करायची नाही, याचा पुरावा.

---

पासबुक :

दीपमाळताईंना पुस्ती. मी बँकेत फॉरेक्स डेस्कला होतो, पैसे पाठवण्याच्या बाजूचं सांगतो.

एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, म्हणजे एका माणसाच्या मर्यादेत आठ लाख बसत नाहीत. लोक दोन वाटा काढतात. घरातल्या चार जणांनी आपापल्या मर्यादेतून पाठवायचं, किंवा नवरा-बायकोने अर्धे मार्चअखेर आणि अर्धे एप्रिलमध्ये. दोन्ही नियमात बसतं, फक्त प्रत्येकाच्या खात्यात तो पैसा कसा आला ते दाखवावं लागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२५पासून गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वजा करून मिळतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकून पडते, म्हणजे तेवढी वेगळी हाताशी हवी. दुसरं, या कामासाठी बँक कर्ज देऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेने एलआरएसखालच्या भांडवली रकमांसाठी कर्ज द्यायला बँकांना मनाई केली आहे. एखादा एजंट 'घर तारण ठेवून काढा' म्हणत असेल तर बँकेत चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अवांतर : पाणवठा यांच्यासारखे एनआरआय भारतातली मालमत्ता विकून एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेऊ शकतात, आयकराचे ठरलेले फॉर्म भरून. त्यांना एलआरएस लागू नाही.

---

गोदाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. टीसीएसचं एजंटने चकार शब्दाने सांगितलं नव्हतं.

---

मेपलपान :

मी बर्लिंग्टन, व्हरमाँटला राहते. 'सरकारमान्य असेल तर धोका कसला' या प्रश्नाचं उत्तर आमच्या राज्याने पुरेपूर भोगलंय, म्हणून लिहिते.

व्हरमाँटचं रीजनल सेंटर राज्य सरकारच चालवत होतं, व्यापार खात्याच्या अखत्यारीत. खाजगी कंपनीचा संबंध नाही. त्यामुळे जगभरातल्या गुंतवणूकदारांना ते सर्वांत भरवशाचं वाटायचं. कॅनडाच्या सीमेजवळ 'जे पीक' (Jay Peak) नावाचा स्की रिसॉर्ट आहे, त्याच्या नावाने एकामागून एक प्रकल्प निघाले. हॉटेलं, वॉटर पार्क, मग न्यूपोर्ट गावात एएनसी बायो नावाचं बायोमेडिकल संशोधन केंद्र. ३५ कोटी डॉलरहून जास्त पैसे उभे राहिले. एप्रिल २०१६मध्ये एसईसीने (अमेरिकेची सेबी म्हणा) मालक एरियल किरोस आणि अध्यक्ष बिल स्टेंगर यांच्यावर खटला भरला. २० कोटी डॉलरच्या आसपास रकमेचा गैरवापर, नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून जुन्या प्रकल्पांची भोकं बुजवणं, असा आरोप होता. किरोसने पुढे गुन्हा कबूल केला, २०२२मध्ये त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. स्टेंगरलाही तुरुंगात जावं लागलं.

रिसॉर्टमधली हॉटेलं खरोखर बांधली गेली, आजही चालतात. बायोमेडिकल केंद्र मात्र कधीच उभं राहिलं नाही. न्यूपोर्टला मी अधूनमधून जाते, मेम्फ्रेमेगॉग सरोवराच्या काठचं छोटंसं गाव. तिथे मुख्य रस्त्यावरच्या दुकानांची अख्खी रांग नव्या संकुलासाठी पाडली होती. पैसे थांबले आणि पुढे कित्येक वर्षं तिथे कुंपणामागे नुसता खड्डा. गावातल्या म्हाताऱ्या बायका तिथे पूर्वी कुठलं दुकान होतं ते बोट दाखवून सांगतात. गुंतवणूकदारांचं नुकसान बातम्यांत आलं. त्या गावाचं नुकसान कुणी मोजत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

राज्याचं सेंटर यूएससीआयएसने २०१८मध्ये रद्द केलं. देखरेख करायचं काम ज्यांचं, तेच प्रकल्पाची जाहिरात करायला परदेशात बरोबर जात होते. एकाच खात्याकडे दोन्ही कामं दिली की असंच होणार.

---

दीपमाळ :

मेपलपान, मनापासून धन्यवाद. २०२२च्या कायद्यातली अर्धी कलमं 'जे पीक'च्या खुणा अंगावर घेऊनच आली आहेत. हा कायदा आणणाऱ्या दोन सिनेटरांपैकी एक चक ग्रासली आणि दुसरे पॅट्रिक लेही, म्हणजे व्हरमाँटचेच.

त्या धड्यातून काय बदललं ते सांगते, कारण सेंटरने पात्र 'होणं' आणि पात्र 'राहणं' यातलं दुसरं आता जास्त कठीण आहे.

गुंतवणूकदारांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. त्यावर स्वतंत्र फंड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमावा लागतो, ज्याचा सेंटरशी किंवा प्रकल्पाशी संबंध नसावा. त्याच्या सहीशिवाय पैसा हलत नाही. हे नको असेल तर दरवर्षी स्वतंत्र ऑडिट करून घेण्याची सवलत मागता येते. दरवर्षी २९ डिसेंबरपर्यंत आय-९५६जी हे वार्षिक विवरण : किती पैसे आले, कुठे गेले, किती नोकऱ्या झाल्या, कोर्टात काही चालू आहे का. सरकारच्या देखरेखीसाठीच्या इंटेग्रिटी फंडात वर्षाला २० हजार डॉलर भरायचे, २० किंवा कमी गुंतवणूकदार असतील तर १० हजार. किमान पाच वर्षांतून एकदा यूएससीआयएसचं ऑडिट. मालकी किंवा कारभारात मोठा बदल करायचा तर १२० दिवस आधी कळवायचं. यात हयगय झाली तर दंडापासून मान्यता रद्द होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. फी न भरल्यामुळे किंवा विवरण न दिल्यामुळे बंद झालेली सेंटरं मी पाहिली आहेत.

एजंटांनाही आता आय-९५६के भरून नोंदणी करावी लागते, भारतातल्या एजंटांनाही. त्याला किती कमिशन मिळणार हे तुम्हाला लेखी कळलं पाहिजे आणि त्यावर तुमची सही असते. गोदाकाठ काका, तुमच्या एजंटकडे तो कागद आजच मागा.

---

तिसरी_रांग :

माहिती चांगली आहे, पण मला यातली मूळ गोष्टच पटत नाही. मी १२ वर्षं अमेरिकेत कर भरतोय, ईबी-३मध्ये आहे, मुलगी १७ वर्षांची. तिच्या एकविसाव्या वर्षाआधी माझी तारीख येणार नाही, आणि त्यानंतर तिला माझ्या अर्जावर कार्ड मिळत नाही. आणि ज्याच्या वडिलांनी पुण्यात प्लॉट घेऊन ठेवला होता तो दोन-तीन वर्षांत मोकळा. गुणवत्ता, काम, अनुभव यांना रांग आणि पैशाला दार उघडं, हा अन्याय नाही का?

---

पाणवठा :

आहे. मी करायचा विचार करतोय तरीही म्हणतो, आहे. हा निर्णय घेताना घरी याच गोष्टीवर सर्वांत जास्त वाद झाला.

---

दीपमाळ :

तिसरी_रांग, तुमच्या रागाशी मी सहमत आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादा हे खरं दुखणं आहे, ईबी-५ बंद केल्याने तुमची रांग सरकणार नाही.

मुलीसंबंधी एक उपयोगाची गोष्ट. अर्ज प्रलंबित राहिल्याचे दिवस मुलांच्या वयातून वजा करण्याची सोय सीएसपीए कायद्यात आहे आणि ती तुमच्या आय-१४०लाही (कंपनीने तुमच्यासाठी केलेल्या अर्जाला) लागू होते. वकिलाकडून हिशोब करून घ्या. १७व्या वर्षीच करा, २०व्या नको.

---

केशरमावा :

नोकऱ्यांच्या मॉडेलबद्दल विचारायचं आहे. मी सीए आहे, अप्रत्यक्ष नोकऱ्या म्हणजे नक्की कुठल्या मोजतात? कुणी माणसं मोजायला जातं का?

---

दीपमाळ :

माझ्या आवडीचा प्रश्न!

नाही, अप्रत्यक्ष नोकऱ्यांसाठी कुणी माणसं मोजत नाही. खर्च मोजतात. समजा एका हॉटेलच्या बांधकामावर ३ कोटी डॉलर खर्च होणार आणि त्या भागासाठी मॉडेलचा गुणक दर १० लाख डॉलरमागे १२ नोकऱ्या असा निघाला. (हे आकडे समजण्यापुरते घेतलेत.) म्हणजे ३६० नोकऱ्या. प्रत्येक गुंतवणूकदाराला १० लागतात, म्हणून ३६ जणांना पुरतील. सेंटरने ४० जणांचे पैसे घेतले तर चौघांच्या वाट्याला काही उरत नाही. ३० जणांचे घेतले तर ६० नोकऱ्या जास्तीच्या, खर्च थोडा घटला तरी सगळे तरतील. या जास्तीच्या नोकऱ्यांना आम्ही 'कुशन' म्हणतो. माहितीपत्रकात मी पहिल्यांदा हाच आकडा शोधते.

सेंटरमार्फत गेलात तर आवश्यक १० नोकऱ्यांपैकी ९० टक्क्यांपर्यंत अप्रत्यक्ष चालतात. दोन वर्षांहून कमी चालणाऱ्या बांधकामासाठी मोजणीचे नियम आणखी कडक आहेत. शेवटी आय-८२९ भरताना, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड कायम करून घेताना, अंदाज चालत नाही. खर्च खरोखर झाला याची बिलं, बँक नोंदी, ऑडिट दाखवावं लागतं. त्यामुळे तुम्ही सीए म्हणून विचाराल तेच प्रश्न तिथे विचारले जातात : पैसा प्रकल्पात पोचला का, कधी पोचला, कशावर खर्च झाला?

---

केशरमावा :

म्हणजे सेंटरची मान्यता भविष्याच्या अंदाजावर आणि गुंतवणूकदाराचं कार्ड भूतकाळाच्या हिशोबावर. मधलं सगळं अंतर गुंतवणूकदाराच्या अंगावर.

---

दीपमाळ :

तंतोतंत. म्हणूनच गुंतवणूक 'अ‍ॅट रिस्क' असली पाहिजे असं कायदा म्हणतो. मुद्दल परत मिळेल अशी हमी कुणी दिली तर ती गुंतवणूकच अपात्र ठरते. सेमिनारमध्ये 'पैसे परत मिळण्याची गॅरंटी' असं ऐकलंत तर तिथून उठून बाहेर या.

---

निळाई :

सेंटरच रद्द झालं तर गुंतवणूकदाराचं काय? सगळं संपलं?

---

दीपमाळ :

आता नाही. पूर्वी खूप हाल व्हायचे. नव्या कायद्याने, गुंतवणूकदाराचा स्वतःचा हात नसेल तर, नोटीस मिळाल्यापासून १८० दिवसांत दुसऱ्या मान्य सेंटरशी जोडून घेता येतं किंवा दुसरी गुंतवणूक करता येते आणि जुनी तारीख टिकते. हे संरक्षण स्थलांतरापुरतं. बुडालेले पैसे त्याने परत येत नाहीत.

पैसे परत आल्याचंही एक उदाहरण आहे. शिकागोत विमानतळाजवळ हॉटेल आणि कन्व्हेन्शन सेंटर बांधतो म्हणून एका प्रवर्तकाने अडीचशेहून जास्त, मुख्यतः चिनी, गुंतवणूकदारांकडून साडेचौदा कोटी डॉलर घेतले. एसईसीने २०१३मध्ये त्याला थांबवलं. मुद्दल एस्क्रोत (तिसऱ्याच्या ताब्यातल्या राखीव खात्यात) होतं म्हणून बहुतेक सगळं परत मिळालं. जवळपास १ कोटी १० लाखांची प्रशासकीय फी मात्र एस्क्रोबाहेर होती, ती बहुतेक खर्च झाली होती. त्याच वर्षी एसईसी आणि यूएससीआयएसने मिळून इशारा दिला होता की सेंटरची मान्यता म्हणजे गुंतवणुकीची शिफारस समजू नका.

---

गोदाकाठ :

ताई, शेवटचं विचारतो. एजंट म्हणतो सप्टेंबर २०२६च्या आत करा, नाहीतर योजना बंद. खरं का? आणि मी सेंटरकडे नेमके कुठले कागद मागू?

---

दीपमाळ :

काका, अर्धं खरं. रीजनल सेंटरची योजना ३० सप्टेंबर २०२७पर्यंत आहे. पण ३० सप्टेंबर २०२६पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना कायद्याचं संरक्षण आहे, पुढे योजना थांबली तरी ते अर्ज चालू राहतील. त्यानंतर दाखल केलेल्यांना ती हमी नाही. शिवाय १ जानेवारी २०२७पासून महागाईनुसार रक्कम वाढणार. त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे, पण त्या घाईत जमीन भाव पाडून विकू नका. मुलगा पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर) काम करणार असेल तर हातात थोडा वेळ आहेच.

मागायचे कागद : सेंटरच्या मान्यतेचं पत्र आणि २०२२नंतरच्या आय-९५६ दुरुस्तीची पावती किंवा मंजुरी. (जुन्या सेंटरांचं काय करायचं यावरून तेव्हा कोर्टात भांडण झालं. तडजोडीत ठरलं की मान्यता टिकेल, पण २९ डिसेंबर २०२२पर्यंत नवा अर्ज भरायचा. काहींनी तो भरलाच नाही.) तुमच्या प्रकल्पाच्या आय-९५६एफची पावती किंवा मंजुरी. गेल्या वर्षीचं आय-९५६जी. फंड अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाव आणि करार. अर्थतज्ज्ञाचा अहवाल, कुशनच्या आकड्यासकट. एजंटच्या कमिशनचा कागद. आणि प्रशासकीय फी, जी साधारण ५० हजार डॉलरच्या पुढे असते, ती अर्ज नामंजूर झाल्यास परत मिळते का, हे कराराच्या कुठल्या कलमात लिहिलंय ते.

यातलं जे द्यायला टाळाटाळ होईल ते इथे लिहा. आणि मुलासाठी वकील एजंटने सुचवलेला घेऊ नका. सेंटरकडून पैसे न घेणारा, फक्त तुमच्या बाजूचा वकील स्वतः शोधा.

---

गोदाकाठ :

यादी छापून घेतली. सोमवारी एजंटकडे जातोय, भावालाही बरोबर नेतो. काय होतं ते इथेच कळवतो.

---

मेपलपान :

काका, जाताना प्रकल्पाच्या गावाचं नाव आणि पत्ताही घेऊन या. जवळपास राहणारा कुणीतरी मराठी माणूस इथे निघेलच. बांधकाम खरंच सुरू आहे का, तो जाऊन बघून येईल. व्हरमाँटच्या आसपास असेल तर मी जाते.